देव, दुर्बीण आणि रंगभूमि

विज्ञान आणि धर्म यांच्या भांडणाची गोष्ट निघाली कीं आपल्या डोळ्यांपुढें दोन पक्ष उभे राहतात. एकीकडे प्रयोगशाळा, दुसरीकडे देऊळ. एका हातांत दुर्बीण, दुसऱ्या हातांत पोथी. या भांडणांत कलावंताची जागा कोठें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. नट, चित्रकार, कीर्तनकार हे जणूं रस्त्यावरचे बघे, असें समजून आपण पुढें जातों. आज मला नेमकें या बघ्यांविषयींच बोलावयाचें आहे. माझें म्हणणें असें आहे कीं, महाराष्ट्रांत हा वाद प्रयोगशाळेंत झाला त्याहून अधिक रंगमंचावर झाला, आणि त्याचा निवाडा कसा करावा याची कसोटीही रंगभूमीपाशींच आहे.

ही कसोटी समजण्यासाठीं नाटकाचा मूळ स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. नाटक ही दोन्ही पक्षांनीं ठरवून केलेली लबाडी आहे. समोरचा मनुष्य राजा नाहीं हें आपणांस ठाऊक असतें. आपणांस तें ठाऊक आहे हें त्या नटासही ठाऊक असतें. तरी तो वनवासास निघाला म्हणजे आपला कंठ दाटून येतो, आणि पडदा पडला कीं आपण टाळ्या वाजवून घरीं जातों. येथें कोणी कोणास नागवीत नाहीं. कारण हा सारा व्यवहार एका अलिखित करारावर चालतो. त्या कराराचीं कलमें दोनच. जें दाखविलें जात आहे तें सोंग आहे हें उभयतांस माहीत असावें, हें पहिलें. आणि प्रेक्षकास वाटेल तेव्हां उठून जातां यावें, हें दुसरें. हीं दोन कलमें श्रोत्यांनीं मनाशीं धरून ठेवावीं. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ सालीं सांगलीस झाला. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें. त्या नाटकांत देवांना तोटा नव्हता. सूत्रधारानें मंगलाचरण गावें, गजाननानें येऊन अभय द्यावें, सरस्वतीनें मोरावर बसून नाचावें, आणि मग कथा सुरू व्हावी, असा तो क्रम होता. देवांच्या या मेळाव्यांत एक मनुष्यही असे, तो विदूषक. वेड्यावांकड्या शंका काढून तो प्रेक्षकांस हंसवी. शंका होत्या, पण त्या हंसण्यापुरत्या.

अवघ्या बारा वर्षांनीं, १८५५ सालीं, जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. यांत देव रंगमंचावर येत नाहींत; ग्रह येतात, आणि तेही एका जोश्याच्या तोंडून. एका गरीब शेतकऱ्याची बायको गरोदर आहे. जोशी तिच्या दारीं येतो, पोटांतल्या मुलावर ग्रहांची अवकृपा असल्याचें भय घालतो, आणि शांतीच्या नांवाखालीं त्या नवराबायकोस कर्जांत बुडवितो. या नाटकांतही विदूषक आहे. मात्र येथें तो हंसवून थांबत नाहीं. जोश्याच्या बोलण्यांतली मेख कोठें आहे, हें तो प्रेक्षकांस फोड करून सांगतो. भाव्यांच्या विदूषकाची थट्टा फुल्यांच्या हातीं चौकशी झाली. आणि शेवटीं तें जोडपें कोठें जातें? देवळांत नव्हे, दरबारांत नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाई चालवीत असलेल्या रात्रीच्या शाळेंत जातें. जन्मभर फळ्यापुढें उभा राहिलेल्या माझ्यासारख्या मास्तरास हा शेवट फार मोलाचा वाटतो.

फुल्यांनीं हें नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलें. कमिटीनें तें नाकारलें. त्यांच्या हयातींत तें छापून निघालें नाहीं. आपल्या रंगभूमीवर देवास प्रवेश सहज मिळाला, प्रश्नास मात्र दारांतूनच परत जावें लागलें. आणि विसरूं नये अशी गोष्ट ही कीं, फुले निरीश्वरवादी नव्हते. सृष्टीच्या 'निर्मिका'वर त्यांची श्रद्धा होती. त्यांचें वैर ईश्वराशीं नव्हतें. सोंग घेऊन, हें सोंग नव्हेच असें भासविणाऱ्या मध्यस्थाशीं तें वैर होतें. करार मोडला होता तो तेथें.

आतां दुसरें उदाहरण घेऊं. तें याच्या अगदीं उलट वाटेल. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें एका संस्कृत पंडिताच्या घरीं झाला. मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचें कलाभवन येथें ते शिकले. छायाचित्रण आणि छपाई यांत मुरले. जादूचे प्रयोगही शिकले, आणि आपलें आडनांव उलटें करून 'प्रोफेसर केळफा' या नांवानें त्यांनीं ते करून दाखविले. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहतांना त्यांच्या मनापुढें राम आणि कृष्ण उभे राहिले. १९१२ सालीं ते विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले. मग त्यांनीं पहिल्यानें काय चित्रित केलें? देव नव्हे, वाटाण्याच्या दाण्यास अंकुर फुटतो आणि त्याचें रोप वाढतें तें. दिवसांमागून दिवस एकेक चित्र टिपून, कित्येक दिवसांची वाढ क्षणांत दाखविणारी ती लहानशी फीत म्हणजे वनस्पतिशास्त्राचा पाठच होता. तीच दाखवून त्यांनीं भांडवल उभें केलें, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

१९१७ सालीं 'लंकादहन' आला. पडद्यावर राम दिसतांच कित्येक प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढीत आणि हात जोडीत, अशी आठवण सांगितली जाते. मौजेची गोष्ट ही कीं, त्या चित्रपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या होत्या! येथें एखादा सुधारक म्हणेल, 'पाहा, यंत्रानें भाबडेपणास पंख दिले.' हा आक्षेप हलका नाहीं. भिंग शास्त्राचें, रसायन शास्त्राचें, आणि त्यांतून प्रकट झाला तो आकाशांतून उडणारा मारुति! परंतु फाळक्यांनीं याच्या जोडीला काय केलें तेंही पाहिलें पाहिजे. त्याच वर्षीं त्यांनीं चित्रपट कसा तयार होतो हें दाखविणारी एक फीत काढली. तींत ते स्वतः काम करतांना दिसतात. १९१९ सालच्या 'कालियामर्दन' चित्रपटाच्या आरंभीं त्यांची लहान मुलगी मंदाकिनी आपल्यापुढें येते, चेहऱ्यावरचे नानाविध भाव करून दाखविते, आणि मग पाहतां पाहतां त्या चेहऱ्याचा कृष्ण होतो. आधीं मुलगी, मग देव. दोन्ही एकाच पडद्यावर, एकामागून एक. जादूगारानें बाह्या सारून हात रिकामे दाखवावे, तसें हें झालें. ज्यास हात जोडावयाचे त्यानें खुशाल जोडावे. पण कोणास अंधारांत ठेविलेलें नाहीं.

प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटांतही हाच समतोल दिसतो. दामले आणि फत्तेलाल हे दोघे यंत्रांत मुरलेले कसबी कलावंत. त्यांनीं तुकोबांचें विमान वैकुंठास जातांना दाखविलें. आणि त्याच चित्रपटांत, पोराबाळांच्या भाकरीची चिंता वाहणारी जिजाई दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभी केली. दोहोंपैकीं एकच खरें माना, अशी सक्ति प्रेक्षकावर कोणी केली नाहीं.

हे झाले शहरांतले आणि पडद्यावरचे देव. आतां आमच्या भागांत येऊं. मी राहतों तें सालवड पालघर जिल्ह्यांत, बोईसर आणि तारापूर यांच्या शेजारीं. आमच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या अंगास, जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख आहे. तेथें होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. रात्रीं चालणारा हा मुखवट्यांचा खेळ. संबळ आणि सनई यांच्या साथीवर गणपति, शारदा, राम, रावण अशीं सोंगें एकामागून एक नाचत येतात, आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचें युद्ध होतें. कित्येक सोंगें पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घराण्यांकडे चालत आलेलीं असतात. त्यामुळें मुखवट्याच्या आंत कोण आहे हें गांवापासून लपलेलें नसतें. काल बांधावरून आपल्याशीं भांडलेला आणि उद्यां बाजाराला आपल्याबरोबर येणारा हाच तो मनुष्य, हें पाहणारांस पक्कें ठाऊक असतें. तरी मुखवटा समोर आला कीं हात जुळतात.

शहरांतला शिकलेला पाहुणा अशा वेळीं विचारतो, 'हे लोक याला देव समजतात कीं माणूस?' हा प्रश्न त्या पाहुण्याचा. गांवकऱ्यांस तो पडत नाहीं. जाणणें आणि नमन करणें हीं दोन्हीं एका मनांत सुखानें नांदूं शकतात, हें त्यांस अनुभवानें माहीत आहे. श्रद्धेनें आंधळेंच असावें लागतें असें नाहीं, हा बोहाड्याचा धडा आहे. आणि तो विज्ञानाच्या कैवाऱ्यांनीं व धर्माच्या कैवाऱ्यांनीं, दोघांनींही, मन लावून घोकण्याजोगा आहे.

पण त्याच डोंगरांत, त्याच पाड्यांवर, दुसरा एक खेळ चालतो. त्याकडेही तितक्याच सरळ नजरेनें पाहिलें पाहिजे. पावसाळ्यांत भाताची लावणी चालू असतांना कोणास सर्पदंश होतो. घरचीं माणसें घाबरून भगताकडे धांवतात. भगत घुमतो, तांदुळाचे दाणे मांडतो, मंत्र म्हणतो, अंगारा लावतो. दुरून पाहणारास हा देखावा बोहाड्यासारखाच वाटेल. तोच आवेश, तोच काळोख, तोच दिव्याचा उजेड. मग फरक कोठें आहे? फरक आपल्या दोन कलमांत आहे. येथें सोंग हें सोंग आहे असें उभयपक्षीं ठरलेलें नाहीं. आणि ज्याच्या अंगांत विष भिनत आहे, त्याला उठून जातां येत नाहीं. त्याला जें हवें तें सर्पविषावरील औषध मुंबईच्या हाफकिन संस्थेनें कित्येक दशकांपूर्वींच तयार करून दिलें. पण औषधाशीं गांठ पडावयाची ती वेळेंत पडली पाहिजे, आणि तोच वेळ या खेळानें खाल्लेला असतो. सारेच भगत लबाड असतात असें मी म्हणत नाहीं. पुष्कळांचा आपल्या विद्येवर खरा विश्वास असतो, आणि त्यांच्यांत झाडपाल्याचे जाणतेही असतात. परंतु प्रामाणिक विश्वासानें विष उतरत नाहीं. बोहाड्यांतला महिषासुर रात्रीं मरतो आणि सकाळीं उठून कामास जातो. भगताच्या अंगणांतला रोगी तसा उठत नाहीं.

महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध जो कायदा केला, त्यानें हीच रेषा ओढलेली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या मनुष्यास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणें हा त्यांत गुन्हा आहे. तथाकथित चमत्कार करून पैसा मिळविणें, त्यांच्या जोरावर लोकांस फसविणें व दहशत घालणें, हाही गुन्हा आहे. परंतु हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना त्यानें हात लावलेला नाहीं. होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांविषयीं सांगण्याचीही त्यांत मुभा आहे. याचा अर्थ असा कीं, चमत्काराची गोष्ट सांगा, गा, रंगवा, नाचून दाखवा. चमत्काराचा धंदा मात्र करूं नका. कला आणि फसवणूक यांतलें अंतर याहून स्पष्ट मांडणें कठीण आहे.

या कायद्यासाठीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं अनेक वर्षें खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत गोळ्या घालून त्यांची हत्या करण्यांत आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्षाच्या अखेरीस कायदा संमत झाला. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचें एक मोठें साधन म्हणजे चमत्कारांचे प्रयोग. कार्यकर्ता आधीं बुवासारखा चमत्कार करून दाखवितो आणि मग त्याची किल्ली प्रेक्षकांच्या हातीं देतो. अशा प्रयोगाचा घरगुती नमुना सांगावयाचा तर, हळदीच्या पिवळ्या पाण्यांत चुन्याची निवळी पडली कीं तें लालभडक होतें; बुवाच्या मठांत तें रक्त ठरतें आणि आपल्या स्वयंपाकघरांत हळद-चुन्याचा डाग ठरतो. हे प्रयोग म्हणजे शुद्ध नाटक आहे. फक्त त्याचा शेवटचा अंक उलगड्याचा आहे. दाभोलकरांच्या मागें, नाट्यदिग्दर्शक अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखालीं, समितीच्या कार्यकर्त्यांनीं रिंगणनाट्याचे प्रयोग केले. 'रिंगण' म्हटलें कीं मराठी मनास प्रथम आठवते ती पंढरीची वारी. वारकऱ्यांच्या रिंगणांत भोंवतीं भक्त उभे असतात आणि मधून अश्व धांवतो. या रिंगणांत भोंवतीं लोक उभे असतात आणि मधून प्रश्न धांवतो. विवेकाचा पुरस्कार करणाऱ्या नाट्यास वारींतलाच शब्द शोभला, यांत पुष्कळ कांहीं आलें.

येथवर विज्ञानाच्या बाजूनें बोलणें सोपें होतें. आतां तीच कसोटी विज्ञानासही लावली पाहिजे. नाहीं तर आपला न्याय एकतर्फी होईल. बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककारानें १९३८-३९ च्या सुमारास गॅलिलिओच्या चरित्रावर नाटक लिहिलें. त्यांत दरबारचे पंडित दुर्बिणींतून पाहावयासच राजी होत नाहींत. असे तारे असूं शकतात काय, याचा आधीं शास्त्राधारें वाद करूं, म्हणतात. आपण त्यांना हंसतों. पण १९४५ सालीं हिरोशिमावर अणुबाँब पडला, आणि ब्रेख्तानें आपल्या नाटकाकडे नव्या दृष्टीनें पाहिलें. पुढच्या आवृत्तींत गॅलिलिओ हा नायक आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला. ज्ञान लोकांच्या हातीं देण्याऐवजीं सत्ताधाऱ्यांच्या स्वाधीन केलें, हा त्याच्यावरचा आरोप. धर्मपीठापुढें उभ्या असलेल्या विज्ञानास नाटकानें जनतेपुढें उभें केलें.

हा प्रश्न आम्हां बोईसर-तारापूरकरांस परका नाहीं. देशांतलें पहिलें अणुवीज केंद्र १९६९ सालापासून आमच्या किनाऱ्यावर उभें आहे. २००५ आणि २००६ सालीं तेथें प्रत्येकीं ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्यांची भर पडली. अलीकडे रसायनांचे कारखाने आहेतच. अणुभट्टीच्या आंत काय चालतें, हें आमच्यांतल्या किती जणांस समजतें? आम्ही तज्ज्ञाच्या शब्दावर विश्वास ठेवतों. मग भगतावर विश्वास ठेवणारा आणि तज्ज्ञावर विश्वास ठेवणारा यांत भेद काय? भेद हा कीं, तज्ज्ञाला प्रश्न विचारतां येतो, त्यानें घेतलेलें माप दुसऱ्याला पुन्हां घेतां येतें, आणि तें चुकीचें निघालें तर त्याला तें सोडावें लागतें. हा हक्क जोंवर जागा आहे तोंवर विज्ञान हें विज्ञान आहे. ज्या दिवशीं कोणी तज्ज्ञ म्हणेल, 'तुम्हांला कळणार नाहीं, मुकाट्यानें विश्वास ठेवा,' त्या दिवशीं पांढऱ्या डगल्याच्या आंत भगतच बसला आहे असें समजावें.

आमच्याकडील कारखान्यांत दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, कुंकवाचीं बोटें लागतात. कित्येक शहाणे यावर हंसतात. मला हंसूं येत नाहीं. माळ घातली म्हणून यंत्राला तेल घालावयाचें कोणी सोडीत नाहीं. माळेवर विसंबून ज्या दिवशीं तेल राहील, त्या दिवशीं मात्र बोहाडा संपला आणि भगताचें अंगण सुरू झालें!

श्रोतेहो, हा विषय आपल्या दिवाणखान्यांतही रोज येतो. घरांत पौराणिक मालिका चालू असते आणि पांच वर्षांचें मूल विचारतें, 'मारुति खरोखर उडतो का हो?' या प्रश्नास दोन वाईट उत्तरें आहेत. एक, 'असें विचारूं नये, पाप लागतें.' दुसरें, 'सगळें खोटें आहे, बंद कर तें.' पहिल्या उत्तरानें प्रश्न मरतो, दुसऱ्यानें गोष्ट मरते. तिसरें उत्तर थोडें कष्टाचें आहे. मुलाला जवळ घ्यावें, हें चित्र कसें घेतलें असेल, तार कोठें बांधली असेल, याचा त्याच्या संगतीनें तर्क करावा, आणि मग म्हणावें, 'बरें, आतां पुढें काय होतें तें पाहूं.' तार ठाऊक असूनही द्रोणागिरि उचलला गेला कीं त्या मुलाचे डोळे विस्फारतात. फाळक्यांनीं हेंच केलें. बोहाड्याचे लोक हेंच करीत आले आहेत.

आपल्या रंगभूमीवर अगदीं पहिल्या दिवसापासून देवांच्या शेजारीं एक विदूषक उभा आहे. देवांना नमस्कार करावा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण त्या विदूषकास कोणी मंचावरून खालीं उतरवूं लागेल, मग तो देवाचा पुजारी असो वा यंत्राचा, तर आपण प्रेक्षकांनीं उठून उभें राहिलें पाहिजे. देव आणि राजे यांच्या भूमिका दुसऱ्यांच्या आहेत. विचारणाराची भूमिका आपली आहे.